दिव्याचा प्रकाश गेला कोठे?

काळोखात लावलेल्या पणत्यांचे एखादे छायाचित्र संगणकावर घ्या आणि चित्र-संपादनातील 'ब्लर' हे साधन वापरून ते धूसर करा. ज्योतींच्या कडा मऊ होतात, हे अपेक्षितच; पण बहुधा ज्योती काळवंडतातही. याउलट कॅमेऱ्याचे भिंग मुद्दाम चुकीच्या अंतरावर ठेवून तोच देखावा टिपला, तर पसरट पण तेजस्वी ठिपके उमटतात. असे का व्हावे?

धूसर करणे म्हणजे सरासरी काढणे. प्रत्येक चित्रबिंदूला (पिक्सेलला) ० ते २५५ पैकी एक अंक दिलेला असतो. सर्वांत साध्या पद्धतीत त्या बिंदूचा आणि त्याच्या आठ शेजाऱ्यांचा अंक मिळवून ९ ने भागतात. समजा, सर्वत्र ० असून एकच बिंदू २५५ आहे. धूसर केल्यावर नऊ बिंदूंना प्रत्येकी सुमारे २८ मिळतात. बेरीज तीच राहिली. मग हरवले काय?

मेख अशी की, हे अंक म्हणजे प्रकाशाचे माप नव्हे. अंधूक प्रकाशातील बारीक फरक डोळ्याला चटकन कळतो, म्हणून २५६ पायऱ्यांपैकी बऱ्याचशा अंधूक भागासाठी राखलेल्या असतात. पडद्यावरचा प्रकाश अंकाच्या सुमारे २.२ व्या घाताच्या प्रमाणात असतो. एक-नवमांश या अपूर्णांकाचा २.२ वा घात ०.००८ येतो, नऊ बिंदूंचा मिळून प्रकाश झाला ०.०७. म्हणजे ९३ टक्के प्रकाश गेला!

योग्य रीत अशी : आधी अंकांचे प्रकाशात रूपांतर करावे, मग सरासरी काढावी, आणि शेवटी पुन्हा अंक करावेत. तेव्हा प्रत्येक बिंदूला २८ ऐवजी ९४ मिळतात आणि प्रकाश कायम राहतो. काही प्रणालींत अशी सोय असते.

मात्र एक उणीव याने भरून निघत नाही. ज्योत कितीही प्रखर असली, तरी साध्या चित्रात तिची नोंद २५५ वरच थांबते. भिंगातून प्रकाश पसरतो तो नोंद होण्यापूर्वी. म्हणून कॅमेऱ्यातील ठिपका अधिक तेजस्वी दिसतो.

करून पाहा : एका चौकोनात एक ओळ ० ची, एक २५५ ची, अशा एकेक बिंदू जाडीच्या ओळी आखा. शेजारी १२८ आणि १८६ अंकांचे दोन सपाट करडे चौकोन काढा. चित्र लहानमोठे न करता लांबून पाहा. पट्टे १८६ च्या चौकोनाशी जुळतील. आता पट्टे साध्या रीतीने धूसर करा. ते १२८ च्या चौकोनासारखे काळपट होतील. डोळा प्रकाशाची सरासरी घेतो, संगणक अंकांची!

जाता जाता एक गणित : नऊऐवजी पंचवीस बिंदूंची सरासरी घेतली, तर एकट्या तेजस्वी बिंदूचा किती प्रकाश उरेल? (उत्तर : सुमारे २ टक्के.)