चूल मांडण्याआधी वर बघा

मे महिन्यात चाकरमानी आले की कुडाळात घरं अपुरी पडतात. मग खळ्यात नाहीतर नदीकाठच्या झाडाखाली चूल पेटते, वडे-सागोतीचा बेत ठरतो. भंगसाळ नदीकाठच्या अशाच एका वनभोजनाला मी पाहुणा म्हणून गेलो होतो. यजमानांनी चुलीत ओला पाला घातला, धूर सरळ वर चढला आणि उंच फांदीवरचं आग्या मोहोळ उठलं. भरली पानं टाकून सगळे पळाले. एका आजींना पळता येईना. त्यांना इतके डंख बसले की ती रात्र दवाखान्यात काढावी लागली.

तेव्हापासून मी जागा ठरवताना आधी मान वर करतो. झाडाची उंच फांदी, कडा, पुलाची खालची बाजू बघतो. आग्या माशी उघड्यावरच पोळं बांधते, ते मीटरभर रुंदही असतं. खाली विस्तव पेटवायचा नाही, फटाका नको, दगड तर नकोच. पेटीतल्या सातेरी माशांना पाळणारा माणूस थोडा थंड धूर देतो, त्या शांत होतात. ते पाहून लोक आग्यालाही धूर देतात. घात होतो तो इथेच.

घरच्या खळ्यात येतात त्या बहुधा सातेरी. त्यांना गोड हवं असतं आणि उन्हाळ्यात पाणीही. आमरस, फणसाचे गरे, कापलेले बोंडू झाकून ठेवा, साली लगेच लांब नेऊन पुरा. हात धुण्याची जागा पंगतीपासून दूर असू दे. परसाच्या कडेला उथळ ताटलीत पाणी आणि वर उभं राहायला खडे ठेवा. सकाळपासून ठेवलंत तर माशांना त्याची सवय होते. मुलांना सरबत देताना पेल्यात बघून द्या, घशात डंख बसला तर श्वास कोंडतो. सागोतीच्या हाडांवर घिरट्या घालते ती बहुतेक गांधीलमाशी. ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते, म्हणून खरकटं साचू देऊ नका.

माशी ताटाजवळ आली तर हात झटकू नका. चिरडली किंवा डसली की पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि त्या वासाने बाकीच्या चवताळतात. मोहोळ उठलंच तर तोंड झाकून सरळ घरात किंवा काचा बंद गाडीत शिरा. नदीत उडी घेऊ नका, माशा वर घोंघावत थांबतात.

मधमाशीची नांगी कातडीत अडकते आणि विष सोडत राहते. हाताशी येईल त्याने ती ताबडतोब खरवडून काढा, चुना शोधण्यात वेळ घालवू नका. ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, घरघर लागली किंवा चक्कर आली तर डंख एकच असला तरी 108 ला फोन करा. खूप डंख बसले असतील तर त्रास जाणवत नसला तरी माणसाला रुग्णालयात न्याच.