बाटली आधी उलटी धर

हे बघ पोरी, जुनी वाइनची बाटली हातात आली की लेबल वाचत बसू नकोस. कागद कोणीही, कधीही चिकटवतो. बाटली उलटी धर आणि बुडाच्या खळग्यातून अंगठा हलकेच फिरव. खरखरीत, धारदार व्रण लागला तर थांब. पूर्वी फुंकून झालेल्या बाटलीच्या बुडाला लोखंडी सळई चिकटवायचे, ती धरून तोंड घडवायचे. सळई तोडली की हा व्रण राहायचा. १८५० च्या पुढे बाटली चिमट्यात धरायला लागले आणि तो हळूहळू गेला. पण हातानं फुंकलेल्या आजच्या शोभेच्या काचेलाही असा व्रण असतो, म्हणून तेवढ्यावर पैसे मोजू नकोस. बुडाची कड उजेडात तिरकी धर. वर्षानुवर्षं फळीवर सरकलेल्या बाटलीचे ओरखडे वेडेवाकडे, कुठे दाट कुठे विरळ असतात. एकाच दिशेचे, एकसारखे दिसले तर कोणीतरी पॉलिश पेपर मारलाय.

इंग्लिश बाटली असेल तर आकार बोलतो. साधारण १६८० ते १७३० पर्यंत ती कांद्यासारखी बसकट. पुढे ती उभट, सरळ होत गेली, कारण आडवी निजवली की वाइन बुचाला लागून राहते आणि बूच सुकत नाही.

मग साच्याची शिवण, म्हणजे साच्याच्या जोडाची उभी रेघ, शोध. ती तोंडाच्या काठावरूनही गेली असेल तर बाटली यंत्राची, विसाव्या शतकातली. तोंडाखालीच संपली असेल तर तोंड बहुधा हातानं घडवलेलं. शिवणच नाही म्हणून हुरळू मात्र नकोस! साच्यात गोल फिरवलेल्या बाटलीची शिवण पुसली जायची. अंगावर बारीक आडव्या रेषा दिसल्या तर ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली किंवा विसाव्याच्या सुरुवातीची धर. बुडावर ब्रिस्टॉलच्या बाटल्या करणाऱ्या रिकेट्सचं नाव उठवलेलं असेल तर १८२१ नंतरची. त्याच साली त्यानं साच्याचं पेटंट घेतलं. गोव्याच्या जुन्या घरांतले फेणीचे गराफांव, म्हणजे काचेचे मोठे बुधले, पाहशील तेव्हाही बूड आणि शिवण अशीच तपास.

मातीत पुरलेल्या काचेवर मोरपंखी झाक चढते. ती काचेचीच झिजलेली साय आहे, घासलीस तर पापुद्रे निघतील. कोमट पाणी, मऊ फडकं, बस्स. वाळू, ॲसिड, उकळतं पाणी बिलकुल नको. कुठून, कोणाकडून मिळाली ते वहीत लिहून ठेव. बाटलीला चिठ्ठी चिकटवू नकोस.