रात्रीची झोप, नित्याच्या गोळ्या आणि आपला विश्वास

शास्त्रभाग : १ राजे १९:१-८, २ राजे २०:१-७, स्तोत्र ७७:१-६

पाठाचा हेतू : दीर्घकाळ औषध घेणाऱ्या विश्वासणाऱ्याने निद्रानाशाकडे कसे पाहावे व काय करावे, आणि मंडळीने त्याला कसा आधार द्यावा, हे समजून घेणे.



प्रार्थनासभेत विनंत्या मागितल्या म्हणजे एक विनंती नेहमी हळू आवाजात येते. ती म्हणजे, “रात्री झोप लागत नाही, तेवढ्यासाठी प्रार्थना करा.” विनंती करणाऱ्याच्या घरी उशाजवळ बहुधा दोन पाकिटे असतात. एक शिंकांची, खाजेची किंवा अंगावर पित्त उठते त्यावरची. दुसरे नैराश्यावरचे किंवा चिंतेवरचे. पहिल्या गोळीचे नाव सर्वांना ठाऊक असते. दुसरीचे नाव मात्र कोणी घेत नाही. जणू ती गोळी घेणे म्हणजे विश्वासात उणे पडणे होय! या समजुतीमुळे किती नुकसान होते आणि पवित्र शास्त्र याविषयी काय शिकवते, ते प्रस्तुत पाठात आपण पाहू.

१. देवाने आधी झोप दिली

कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला एलीया ईजबेलीच्या धमकीने बैर-शेब्यास पळाला, रानात एक दिवसाची वाट चालून रतामाच्या झुडुपाखाली बसला आणि आपला प्राण घे म्हणून देवाकडे मागू लागला. आजच्या भाषेत बोलायचे तर संदेष्टा खचला होता. तेव्हा देवाने काय केले? त्याने एलीयाला उपदेश केला नाही व त्याच्या विश्वासाची झडतीही घेतली नाही. एलीया झोपला. देवदूताने त्याला स्पर्श करून उठवले, भाकर व पाणी दिले. तो पुन्हा झोपला, आणि देवदूताने त्याला दुसऱ्यांदा उठवून खाऊ घातले. पुढची वाट त्याला झेपणार नाही हे देवाला ठाऊक होते. होरेबावरील तो मंद वाणीचा प्रसंग त्यानंतर चाळीस दिवसांनी घडला. आधी देह, मग संदेश, असा तो क्रम आहे. शिक्षकांनी हा क्रम वर्गाच्या ध्यानात आणून द्यावा.

दुसरा दाखला हिज्कीया राजाचा. त्याने रडून प्रार्थना केली आणि देवाने ती ऐकली. तरीही यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावण्यास सांगितले. प्रार्थना आणि औषध ही दोन्ही एकाच अध्यायात, एकाच रोग्यासाठी आहेत. पौलाचा सोबती लूक वैद्य होता, आणि तीमथ्याच्या वारंवारच्या दुखण्याकरिता पौलाने त्याला पोटासाठी उपाय सुचवला, हेही आपण जाणतो. आपल्या भागात तर हे नव्याने सांगायला नको. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेस उभारलेल्या मिशन इस्पितळात आपल्या कितीतरी घराण्यांची माणसे बरी झाली. पोटाचे किंवा डोळ्याचे औषध आम्ही देवाची देणगी म्हणून घेतो. मग मनाच्या औषधाला वेगळा न्याय का?

२. या गोळ्या झोपेवर काय परिणाम करतात

आपल्या शरीरात हिस्टामिन नावाचे एक द्रव्य असते. त्यामुळे खाज सुटते, नाक वाहते, अंगावर गांधी उठतात. हेच द्रव्य मेंदूत आपल्याला जागे ठेवण्याचे काम करते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १९३७ साली डॅनियल बोव्हे व आन-मारी स्टॉब यांनी हिस्टामिनला अडवणारे पहिले द्रव्य शोधले. बोव्हे यांना १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापुढे निघालेल्या फेनिरामिन (एव्हिल), क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, हायड्रॉक्सिझिन या जुन्या गोळ्या मेंदूत शिरतात, म्हणून गुंगी येते. फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन या नव्या गोळ्या मेंदूत फारशा शिरत नाहीत. सेटिरिझिन नव्यांपैकीच असली तरी तिने काहींना सुस्ती येते.

पुष्कळ लोक जुनी गोळी झोपेची गोळी म्हणून रोज घेतात. परंतु थोड्याच दिवसांत शरीराला तिची सवय होऊन गुंगीचा गुण कमी होतो. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, लघवीस अडथळा, सकाळचे जड डोके हे त्रास मात्र राहू शकतात. वृद्धांना त्यात गोंधळल्यासारखे होते, तोल जातो. म्हणूनच वृद्धांनी शक्यतो टाळावयाच्या औषधांची बीअर्स यादी म्हणून जी अमेरिकेत १९९१ सालापासून प्रसिद्ध होत आली आहे, तिच्यात या जुन्या गोळ्या आहेत.

नैराश्यावरील गोळ्यांचे झोपेच्या दृष्टीने दोन गट पडतात. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांनी काहींची झोप, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत, चाळवते. स्वप्ने फार पडतात. अशा रोग्यांना डॉक्टर ती गोळी बहुधा सकाळी घ्यायला सांगतात. अमिट्रिप्टिलिन व मिर्टाझापिन यांनी उलट झोप येते, म्हणून त्या रात्री देतात. त्यांना झोप येण्याचे एक कारण हेच की त्याही हिस्टामिनला अडवतात. तेव्हा रात्री अमिट्रिप्टिलिन आणि तिच्यावर एव्हिल घेतली, तर एकच काम करणाऱ्या दोन गोळ्या पोटात जातात आणि सकाळी माणूस उठता उठत नाही. हायड्रॉक्सिझिन व एस्सिटालोप्राम एकत्र घेतल्यास काहींच्या हृदयाच्या ठोक्यांतही बिघाड होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट. रात्री अंथरुणात पायांत वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, अशी काहींची तक्रार असते. जुन्या अँटिहिस्टामिन गोळ्यांनी व नैराश्यावरील बऱ्याच गोळ्यांनी हा त्रास वाढू शकतो. अंगात लोह कमी असले तरीही होतो. लोक हे वयावर ढकलतात व डॉक्टरांना सांगतच नाहीत. ते आवर्जून सांगावे.

३. गोळी एकाएकी बंद करू नये

आमच्या परिचयाची एक भगिनी अंगावर पित्त उठते म्हणून कित्येक वर्षे रोज सेटिरिझिन घेत असे. पती निवर्तल्यावर डॉक्टरांनी तिला नैराश्यावरील गोळी सुरू केली. एका सभेत कोणी सांगितले की, पूर्ण भरवसा असेल तर गोळ्या टाकून द्याव्या. तिने त्याच रात्री दोन्ही टाकल्या. तिसऱ्या रात्रीपर्यंत अंगभर खाज, डोक्यात विजेसारखे झटके, घाबरेपणा आणि डोळ्याला डोळा नाही. “देवाने मला सोडले,” असे ती म्हणू लागली. देवाने तिला सोडले नव्हते. गोळ्या एकाएकी सुटल्या होत्या. डॉक्टरांनी त्या पुन्हा सुरू केल्यावर आठवड्याभरात तिला उतार पडला. पुढे एक गोळी अनेक महिन्यांत थोडी थोडी कमी करण्यात आली.

हे डॉक्टरांना परिचित आहे. नैराश्यावरील गोळी एकदम बंद केल्यास चक्कर, झटके, भडक स्वप्ने, चिडचिड व निद्रानाश होऊ शकतो. पॅरोक्सेटिन व व्हेन्लाफॅक्सिन यांच्या बाबतीत तो अधिक आढळतो. सेटिरिझिन व लेव्होसेटिरिझिन दीर्घकाळ रोज घेऊन थांबवल्यावर क्वचित काहींना तीव्र खाज सुटते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये दिला. हे व्यसन नव्हे व पापही नव्हे. सवय झालेले शरीर आपला तोल सावरत असते. गोळी कमी करायची असल्यास जरूर विचारावे, पण वेळ व प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे.

४. आपण काय करावे

पहिले, सर्व गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्याव्या. खोकल्याचे औषध, सर्दीची गोळी, शेजाऱ्याने दिलेली गोळी, काहीही लपवू नये. त्वचेचे डॉक्टर व मनाचे डॉक्टर वेगळे असले तर एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवावी.

दुसरे, प्रत्येक गोळी कोणत्या वेळी घ्यायची ते विचारावे. नुसती वेळ बदलल्याने किंवा जुन्या गोळीऐवजी नवी दिल्याने काहींची झोप सुधारते. मात्र हा बदल आपल्या मनाने करू नये.

तिसरे, दोन आठवडे वहीत नोंद ठेवावी : अंथरुणात केव्हा गेलो, अंदाजे केव्हा झोप लागली, किती वेळा जाग आली, केव्हा उठलो, गोळी व चहा केव्हा घेतला. डॉक्टरांना या एका वहीचा फार उपयोग होतो.

चौथे, झोपेची शिस्त. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठावे. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत ठेवावी. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी. साधारण वीस मिनिटे झोप न लागल्यास तळमळत पडू नये. उठून मंद उजेडात शांत बसावे व पेंग आली की परत जावे. ही रीत रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडली. दीर्घ निद्रानाशावर गोळीच्या आधी अशाच सवयींचे उपचार करावे, असे अमेरिकेतील वैद्यांच्या एका प्रमुख संघटनेने २०१६ साली सुचवले आहे.

पाचवे, दारू किंवा दुसऱ्याची झोपेची गोळी यांना हात लावू नये. या औषधांबरोबर ती धोक्याची आहेत. गुंगी असताना वाहन चालवू नये.

५. मंडळीचे काम

स्तोत्र ७७ लिहिणारा आसाफ रात्री जागा आहे, इतका व्याकूळ की बोलवत नाही. तरीही त्याचे ते जागरण पवित्र शास्त्रात स्तोत्र होऊन राहिले. मग निद्रानाश झालेल्याला आपण अविश्वासी का म्हणावे? पाळकांनी, वडिलांनी व शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी औषध बंद करण्याचा सल्ला कधीही देऊ नये. “गोळी घेतली का?” हा प्रश्न “प्रार्थना केली का?” इतक्याच प्रेमाने विचारावा. पहाटेच्या प्रार्थनेस न येणाऱ्याला आळशी ठरवण्यापूर्वी त्याच्या रात्रीची चौकशी करावी. गलती ६:२ मध्ये एकमेकांची ओझी वाहण्याविषयी जे सांगितले आहे, त्यात कोणाला दवाखान्यात सोबत नेणेही येते.

एलीयासारखे कोणी मरणाची भाषा बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते. गोव्यात बांबोळी येथे, तसेच धारवाड, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा व हैदराबाद येथे मनोविकारांची सरकारी इस्पितळे आहेत.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१) देवदूताने एलीयाला दोनदा झोपू व खाऊ दिले. यावरून देव आपल्या देहाविषयी काय विचार करतो असे दिसते?

२) हिज्कीयाची प्रार्थना ऐकल्यावरही लेप का लावण्यात आला?

३) आपल्या मंडळीत नैराश्यावरील औषधाविषयी उघड बोलता येते काय? येत नसल्यास त्याचे कारण काय, आणि आपण कोठून आरंभ करू शकतो?

घरी करण्याचे काम : या आठवड्यात आपल्या परिचयाच्या एका आजारी व्यक्तीस भेटावे, तिच्याबरोबर स्तोत्र ४ वाचावे, आणि डॉक्टरांकडे जाण्यास सोबत हवी आहे काय असे विचारावे.