नातसुनेच्या कानात

पोरी, चाकणहून ड्यूटी करून आलीस की ओट्याकडे बघूनच तुझा चेहरा उतरतो. "रोज तेच तेच," म्हणालीस परवा. खरंय तुझं. पण ज्या सुदुंबऱ्यात तू नांदायला आलीस, तिथं संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. चाकणच्या तेल्याच्या घरात १६२४ साली जन्मलेला माणूस, तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांतला. कीर्तनाचं वेड लागलं म्हणून घाणा टाकून दिला नाही. तुकोबांचे अभंग उतरवून घेतले, आणि स्वतःचे केले त्यांतही घाणाच आणला. पुढं वि. ल. भाव्यांनी त्यांच्या वह्यांवरून गाथा छापला. तेलकट हातांनी केवढं जपलं बघ!

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की देवाचं वेगळं आणि कामाचं वेगळं असं मांडू नकोस. पीठ मळताना पीठच मळ. तेव्हा फोन कानाला नको, उद्याच्या शिफ्टचा घोर नको. कोमट पाणी बेताबेतानं घाल, तळहाताच्या टाचेनं रेट, गोळा मऊ होऊन परातीला चिकटायचा थांबला की हाताला आपसूक कळतं. तेवढ्या वेळात मनात नाव घे. विठ्ठलाचं घे, नाहीतर तुझ्या आईचं घे.

भात रांधताना, तांदूळ निवडतानाच तो कुठून आला ते आठवावं. आपला इंद्रायणी तांदूळ इथंच, वडगावच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला, १९८७ साली. त्याआधी हा नव्हताच. कोणीतरी शिकलेल्या माणसांनी वर्षानुवर्षं लोंब्या निरखल्या. आणि आजही आषाढात बायका पोटरीभर चिखलात वाकून आवण लावतात, डोक्यावर इरलं, पाठीवर पाऊस. मी लावलंय, कंबर कशी धरते ते मला विचार. एवढं आठवलं की ताटात शीत टाकायला हात धजत नाही. उपकार मानायचे म्हणजे मला तरी एवढंच कळतं.

आणखी एक कर. दुधाची वही आहे ना भिंतीला अडकवलेली? रतिबाच्या आकड्याशेजारी रोज एक ओळ लिही, आज कुणी हात लावला त्याची. शेजारणीनं कपडे काढून ठेवले, बसवाल्यानं थांबून घेतलं, असलं काहीही. मोठं काही शोधत बसू नकोस. महिनाअखेरी हिशेब करताना दुधाबरोबर तेही वाचून होतं. आणि ज्याचं नाव लिहिलंस त्याला तोंडानं सांगून टाक, मनात ठेवून त्याला कसं कळणार?

रात्री ओटा पुसलास की झालं म्हण आणि खरंच थांब. अजून एक डबा, अजून एक फडकं, असं करत बाई मध्यरात्र करते.

आता हे नीट ऐक. गोड मानून करायचं म्हणजे सगळं एकटीनं गिळायचं, असं मी सांगत नाही. आमच्या पिढीला तेच शिकवलं, आणि किती जणींच्या पाठी मोडल्या. संताजींनी आपला घाणा आपल्या मनानं चालवला, कुणी मानेवर जू ठेवलं म्हणून नव्हे. माझा नातूही कामावरून दमून येतो, तूही येतेस. उद्यापासून भाकरी तू थाप, भांडी त्याला घासू दे. लाजला तर माझं नाव सांग. लसूण मी सोलून ठेवीन.