आधी जमीन शोध

चि. मनू हिस,


तुझा मेसेज वाचला. खापरपणजोबांचं नाव टाकून तू सगळीकडे शोधलंस, काही सापडलं नाही, आणि आता म्हणतेस की आपल्या घराण्याची नोंदच नाही. नोंद आहे. तू चुकीचं दार ठोठावते आहेस.

आपल्या माण तालुक्यासारख्या कोरडवाहू भागातल्या शेतकऱ्याचं नाव त्याच्या कौतुकासाठी कुणी लिहून ठेवत नव्हतं. सरकारला साऱ्याशी काम. सारा जमिनीवर बसायचा, म्हणून जमीन लिहिली गेली आणि तिच्या पाठोपाठ माणूस कागदावर आला. मी तलाठी म्हणून लागले आणि मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झाले, सारी नोकरी त्या दप्तरांत गेली. म्हणून सांगते, नाव बाजूला ठेव आणि आधी जमीन शोध.

नावाचा भरवसा तरी काय? घरात राघू, शाळेत रघुनाथ, फेरफारात राघोजी, असा एकच माणूस तीन ठिकाणी तीन नावांनी भेटतो. आडनाव असेलच असं नाही. ‘राघू बिन बाळा’ एवढ्यावर भागायचं, म्हणजे बाळाचा मुलगा राघू. बाईच्या नावापुढे ‘कोम’ आणि नवऱ्याचं नाव. आणि एका गावात असे चार राघू बिन बाळा निघतात. त्यातला आपला कोणता, हे फक्त जमिनीवरून कळतं.

आता गट नंबर मी सोबत देते, पण तो घेऊन थेट मागे जाऊ नकोस, कारण तो जुना नाही. 1947 च्या कायद्याने एकत्रीकरण योजना आली, तुकडे जोडून गट पाडले आणि जुने सर्व्हे नंबर गेले. जुन्याचा नवा कोणता झाला तो तक्ता तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. तो आधी काढ. इथेच बहुतेकांची वाट चुकते आणि मग ते शेजाऱ्याचा आजोबा आपला म्हणून घरी आणतात.

सर्व्हे नंबर हाती आला की जुना सातबारा काढ. नावाजवळ वर्तुळात जे आकडे दिसतील ते फेरफार नंबर. ज्या नावाला कंस पडलाय तो माणूस त्या जमिनीवरून गेला: मेला, विकून मोकळा झाला किंवा वाटणीत सुटला. का गेला ते फेरफारात. त्या फेरफारात आधीच्याचा माग लागतो. असं उलटं चालत गेलीस तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोचशील, कारण हक्कनोंद 1903 च्या कायद्यानंतरची. त्याच्या मागे ब्रिटिशांच्या मोजणीचे कागद. सातारचं राज्य 1848 मध्ये खालसा झालं, त्यानंतरचे. आणखी मागे पुण्याचं पेशवे दफ्तर आहे, पण तिथे साधा कुणबी नावानिशी सापडायचा तर त्याने वतनाचं भांडण तरी केलेलं असायला हवं. आपल्यांनी केलेलं दिसत नाही. शोधताना गाव तेव्हा कुणाच्या अमलाखाली होतं तेही बघ. आपलं इंग्रजी मुलखात होतं, पण आजूबाजूची कितीतरी गावं 1948 पर्यंत औंध किंवा फलटण संस्थानात होती आणि त्यांची दप्तरं वेगळ्या वाटेने फिरली.

कागद मिळाला की पहिला प्रश्न हा विचार: ही नोंद त्या दिवशी का केली गेली? वारसाची नोंद बघून लोक म्हणतात, आजोबा अमुक साली वारले. तसं नसतं. माणूस गेल्यावर कुणी धावत चावडीवर येत नाही. तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, हवी असते, पुढच्या काळात सोसायटीचं कर्ज हवं असतं, भावाभावांत फाटतं, तेव्हा वारसाची आठवण होते. खापरपणजोबांची वारस नोंद त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी झाली आहे. त्याच्याच मागोमाग इतर हक्कात बोजा चढलाय, ‘तगाई, विहिरीकरिता’. म्हणजे आपल्या मळ्यातली जुनी विहीर त्यांनी खोदलेली नाही, घरात सगळे आजवर तसंच सांगत आले तरी. ती त्यांच्या बायकोने खोदवली.

त्या बाईचा तू मेसेजमध्ये उल्लेखही केला नाहीस. तुझा दोष नाही. नवरा होता तोवर ती कागदावर कुठेच नव्हती. तो गेल्यावर वारस नोंदीत मुलाचं नाव आलं, म्हणजे माझ्या आजोबांचं. ते दहा-बारा वर्षांचे. म्हणून पुढे ‘अ.पा.क. आई’, अज्ञानाचं पालन करणारी. मालकी तिची नव्हे, जबाबदारी तेवढी तिची. नोंदीखाली अंगठा नाही, सही नाही, एक लहानसं वर्तुळ काढलंय आणि बाजूला कारकुनाने लिहिलंय ‘निशाणी बांगडी’. शेतकरी पुरुष नांगर काढायचा, बाई बांगडी काढायची. नक्कल सोबत पाठवतेय. वर्तुळ पुरतं जुळलेलं नाही, हात थांबल्यासारखी एक फट आहे. आपल्या घरात तिच्या हातचं एवढंच शिल्लक आहे. मुलींची नावं मात्र या नोंदींत शोधू नकोस. 1956 चा वारसा कायदा येईपर्यंत मुलगा असला की त्या वारसांत धरल्याच जात नव्हत्या, आणि नंतरही पुष्कळदा हक्कसोड लिहून देण्यापुरत्याच दिसतात.

मृत्यूची तारीख हवी तर कोतवाल बुक, म्हणजे तेव्हाचा गाव नमुना 14. जन्म-मृत्यूची नोंद, नाव, जात, वय, मरणाचं कारण. आपल्या गावचं 1918 चं पान मी पाहिलंय. सप्टेंबरपर्यंत आठवड्याला एखादी ओळ. ऑक्टोबरात एका पानावर माणसं मावत नाहीत. कारणाच्या रकान्यात ‘ताप’, खाली ‘ताप’, त्याखाली नुसती सदरच्या अर्थाची दोन टिंबं, शेवटपर्यंत. ती इन्फ्लुएन्झाची साथ. त्याच वर्षी पाऊसही रुसला होता. मध्ये काही दिवस कोरे आहेत आणि नंतर अक्षर बदललंय. लिहिणाराच अंथरुणाला खिळला असावा. त्या पानावर खापरपणजोबा आहेत, वय अंदाजे अडतीस. चार ओळी खाली एक मुलगी, वय तीन, बापाचं नाव तेच. अशी मुलगी होती हे माझ्या आजोबांनी कधी सांगितलं नाही. ते तेव्हा कळत्या वयाचे होते.

खापरपणजोबांच्या आयुष्यातला मधला काळ तुला पिकपाहणीतून भरावा लागेल. कुठली पिकं घेतली, त्यातून त्या घरात काय शिजत होतं ते कळतं. बाजरी, मटकी, हुलगा. गहू शोधून सापडायचा नाही. ओळीने दोन-तीन वर्षं ‘पड’ दिसलं तर विचार कर, बैल गेले की माणूस मुंबईला गेला? माणदेशातून गिरण्यांत आणि गोदीत जाणारे थोडे नव्हते. त्यांच्या वडिलांच्या काळाबद्दल काहीच मिळालं नाही तर 1885 चं सातारा गॅझेटिअर वाच. 1876-77 च्या दुष्काळात आपल्या भागात काय झालं, म्हसवडच्या तलावावर लोक कसे खडी फोडायला गेले, हे त्या काळाचं चित्र आहे. पण ‘ते तिथे गेले होते’ असं मात्र लिहू नकोस. ‘गेले असतील’ लिही.

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमधली जन्मतारीख तर अजिबात धरू नकोस. निम्म्या गावाचा जन्म 1 जूनचा असतो. पोराला घेऊन बाप आला, तारीख सांगता येईना, मास्तरांनी अंदाजाने वर्ष धरून जून टाकला. त्यापेक्षा नाव कमी केल्याचं कारण वाच, तिथे मास्तर खरं लिहायचे: ‘गुरे राखणेस’, ‘मुंबईस गेला’.

मोडी शिकावीच लागेल. मोबाइलवर वाचून घेईन म्हणशील तर फसशील. पुराभिलेख खातं वर्ग घेतं, तिथे नाव घाल. मोडीत आधी रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जातात, शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. दोन आठवडे डोकं दुखेल, मग डोळा बसेल. सनाचंही बघ. शक असेल तर 78 मिळव, फसली असेल तर 590, आणि फसली साल मृगाला सुरू होतं हे विसरू नकोस, नाहीतर वर्ष एकाने चुकेल.

तहसीलच्या रेकॉर्ड रूमला मार्चअखेर जाऊ नकोस, वसुलीच्या धामधुमीत तुला कुणी उभं करणार नाही. अर्जात गाव, सर्व्हे नंबर, हवी ती वर्षं स्पष्ट लिही. ‘आमच्या पूर्वजांची माहिती मिळावी’ असा अर्ज केलास तर तो फायलीत झोपेल. रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली दप्तरं, उतरवून देणाऱ्या माणसाशी नीट बोल, कुठल्या रुमालात काय आहे ते त्यालाच ठाऊक असतं. 2023 पासून कुणबी नोंदी शोधताना बरीच जुनी दप्तरं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली, तीही चाळ. गंमत अशी की एवढी पानं उलटली गेली, पण बहुतेकांनी एकच रकाना वाचला.

एक मात्र सांगून ठेवते. तुझे बाबा म्हणतील, आपले मूळ पुरुष महाराजांच्या फौजेत होते. त्यांच्याशी वाद घालू नकोस, ऐकून घे, वहीत ‘बाबांनी सांगितलं’ असं लिही. कागदाची वही वेगळी ठेव. पैसे घेऊन वंशावळ करून देणारे भेटतील, त्यांच्या वंशावळीत कुणाचाच मूळ पुरुष हमाल किंवा सालगडी नसतो. पिढ्यान्पिढ्या वंशावळी सांगत फिरणारे हेळवी आले तर मात्र त्यांचं ऐक, त्यांच्या पोथीतली नावं सर्व्हे नंबराशी ताडून बघ. जिथे जुळतील तिथे खूण कर.

गट नंबर आणि वारस नोंदीची नक्कल सोबत आहे. ती तीन वर्षांची मुलगी 1915 च्या सुमाराची, तेव्हा त्या दोन-तीन वर्षांतलं जन्माचं पान आधी काढ. मोडी अडली तर फोटो पाठव, पण फ्लॅश मारू नकोस.

तुझी,
आत्या