चूक शोधण्याआधी

चि. मुक्ता हिस,


एलएल.बी.च्या पहिल्या वर्षी अपकृत्यांचा कायदा, म्हणजे तुम्ही मुलं ज्याला ‘टॉर्ट्स’ म्हणता तो विषय, आला की त्यातलं निष्काळजीपणाचं प्रकरण सगळ्यांना सोपं वाटतं. काळजी घेण्याचं कर्तव्य, त्याचा भंग आणि त्यातून झालेलं नुकसान, एवढं पाठ केलं की परीक्षेपुरतं भागतं. कोर्टात भागत नाही. तिथे आधी समोर येतं ते नुकसान : मोडलेला पाय, गेलेला मुलगा, कोसळलेली भिंत. एवढं झालंय म्हणजे कोणाची तरी चूक असणारच, असं मन लगेच म्हणू लागतं. माझं सांगणं असं की या कायद्यात अपघातानंतर उभं राहून विचार करायचाच नाही. अपघाताच्या आधीच्या क्षणी जाऊन उभं राहायचं आणि विचारायचं : तेव्हा या माणसाला काय दिसत होतं, काय दिसायला हवं होतं, आणि आपल्या वागण्याचा फटका कोणाला बसेल हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं का? कर्तव्य होतं की नाही आणि ते मोडलं की नाही, हे दोन्ही प्रश्न तिथूनच सुटतात.

गोगलगायीचा खटला तुम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितला असेल. ऑगस्ट १९२८, स्कॉटलंडमधलं पेझली गाव. मैत्रिणीने घेऊन दिलेली जिंजर बिअर पिताना बाटलीतून कुजलेल्या गोगलगायीचे अवशेष निघाले आणि आपण आजारी पडलो, अशी एका बाईंची तक्रार. पैसे मैत्रिणीने दिलेले, त्यामुळे बाईंचा करार दुकानदाराशीही नाही, कारखानदाराशीही नाही. सगळ्यांना गोगलगाय आठवते. ती बाटलीत होती हे कधी सिद्धच झालं नाही, प्रकरण पुढे आपसांत मिटलं. आठवायला हवी ती बाटलीची काच. ती अपारदर्शक होती. बाटली बंद करताना कारखानदाराला पिणाऱ्याचं नाव ठाऊक नव्हतं, पण कोणीतरी ती पिणार आणि मधे कोणालाही आत डोकावता येणार नाही, हे पक्कं ठाऊक होतं. १९३२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी त्याच्यावर कर्तव्य टाकलं ते या जोरावर. आपलं कर्तव्य ‘शेजाऱ्या’शी असतं, असं बहुमतातले लॉर्ड अ‍ॅटकिन म्हणाले. त्यांचा शेजारी म्हणजे भिंतीपलीकडे राहणारा नव्हे. आपण काही करताना ज्याचा विचार मनात यायलाच हवा, तो. विरोधात गेलेल्या लॉर्ड बकमास्टर यांची भीती अशी की एकदा हे दार उघडलं की प्रत्येक वस्तूचा प्रत्येक कर्ता साऱ्या जगाला जबाबदार होईल. आक्षेप वजनदार होता, पण त्याचं उत्तर त्याच कसोटीत आहे. ज्याचा विचार मनात यायचं काही कारणच नव्हतं, त्याच्याशी कर्तव्य नाही. त्याच १९२८ साली न्यूयॉर्कमध्ये एका खटल्याचा निकाल लागला. त्यात रेल्वे कर्मचाऱ्यांनी गाडीत चढणाऱ्या एका उतारूला हात दिला, त्याचं पुडकं खाली पडलं, त्यात दारूकाम होतं. स्फोट झाला आणि फलाटावर दूर उभ्या असलेल्या बाईंच्या अंगावर वजनकाटा कोसळला. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी दावा फेटाळला, कारण ते पुडकं पाहून त्या बाईंना धोका आहे असं कोणालाही वाटलं नसतं.

यावर एक पळवाट लगेच सुचते : मग ‘माझ्या लक्षातच आलं नाही’ म्हटलं की सुटका? नाही. १८३७ सालच्या इंग्लंडमधल्या खटल्यात गवताची गंजी पेट घेईल असं शेजारीपाजारी आठवड्यामागून आठवडे सांगत होते. मालक बघू काय होतं ते म्हणत राहिला आणि शेवटी शेजारची घरं जळाली. आपण आपल्या बुद्धीप्रमाणे वागलो हा त्याचा बचाव कोर्टाने ऐकला नाही. माप त्याच्या बुद्धीचं नाही, साधारण समंजस माणसाच्या बुद्धीचं. मात्र हा समंजस माणूसही त्या दिवशीचा असावा लागतो, आजचा नव्हे. १९४७ साली इंग्लंडमधल्या एका इस्पितळात पाठीत भूल दिलेले दोन रुग्ण कायमचे पांगळे झाले. काचेच्या कुप्या फिनॉलमध्ये ठेवल्या होत्या आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगांतून ते आत झिरपलं, असं कोर्टापुढे आलं. खटल्यापर्यंत हा धोका पुस्तकांत पोचला होता, १९४७ साली नव्हता. १९५४ मध्ये अपील कोर्टाने रुग्णांचा दावा नाकारला. ऐकायला निष्ठुर वाटतं, पण पुढच्या ज्ञानाने मागच्या माणसाला दोषी ठरवू लागलो तर काळजी घेणारा आणि न घेणारा यांत फरकच उरत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात डॉक्टरांबाबत हेच म्हटलं : ज्ञान घटनेच्या वेळचं धरायचं.

ही कसोटी नेहमी प्रतिवादीलाच वाचवते असं मात्र समजू नकोस. जोशी विरुद्ध गोडबोले हा आपल्याकडचा निकाल मुळातून वाच. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाचं मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला आणलं. भूल न देता, मदतनिसांकडून जोराने पाय ओढून हाड बसवलं गेलं आणि त्याच रात्री तो गेला. लांबच्या प्रवासाने रुग्ण थकला होता म्हणून आपण हाड बसवणं पुढे ढकललं, असा डॉक्टरांचा बचाव होता. कोर्टाला पुराव्यावरून दिसलं की ते तेव्हाच बसवलं होतं. बघ, बचावातूनच सिद्ध होतं की धोका आधी ठाऊक होता. भरपाई तीन हजार रुपये. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. रुग्णाला हाती घ्यायचं का, कोणते उपचार द्यायचे आणि ते कसे करायचे, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने काळजी घ्यायची असते, हे आपल्याकडे या निकालाने ठसवलं.

आता जिथे माझं समाधान होत नाही ती जागा. दिल्लीत चांदणी चौकातलं घंटाघर कोसळून माणसं मेली. इमारत सुमारे ऐंशी वर्षांची, तिच्या चुन्याचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये पालिकेला जबाबदार धरलं. दोष वरून दिसत नव्हता ही सबब चालली नाही, कारण पाहणी करणं हेच मालकाचं काम. उलट १९९७ च्या राजकोट प्रकरणात रस्त्याकडेचं झाड पडून कामावर निघालेला माणूस गेला, तेव्हा पालिका सुटली. प्रत्येक झाडावर लक्ष ठेवण्याचं ओझं पालिकेवर टाकणं न्यायालयाला रास्त वाटलं नाही. मला हा निकाल पटत नाही. जो पाहतच नाही त्याला काही दिसणार नाही, आणि न पाहण्याचं बक्षीस कायद्याने देऊ नये. पालिकेकडे पैसा आणि माणसं अपुरी असतात हे मान्य. पण ते काळजी किती घ्यायची याबद्दलचं उत्तर झालं, काळजी घ्यायचीच की नाही याबद्दलचं नव्हे.

तू विचारशील, मग ज्याच्या बाबतीत कोणालाच आधी काही दिसत नव्हतं त्याने काय करायचं? त्याला मदत मिळायला हवी, पण ती निष्काळजीपणाची व्याख्या ताणून नव्हे. त्यासाठी वेगळ्या वाटा आहेत. घातक उद्योगाला दोष सिद्ध न करताही जबाबदार धरणारा दिल्लीच्या ओलियम गळतीवरचा १९८६ चा निकाल आहे, मोटार वाहन कायद्यातली दोषाविना भरपाई आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला, तो जगण्याच्या मूलभूत हक्काच्या आधारावर.

म्हणून उद्या पक्षकार फोटोंचा गठ्ठा घेऊन आला तर फोटो जरूर ठेवून घे, पण आधी तारखा विचार. त्या खड्ड्याबद्दल, त्या भिंतीबद्दल, त्या लिफ्टबद्दल अपघाताआधी कोणी अर्ज दिला होता का? त्यावर वॉर्ड ऑफिसची पोच आहे का? सोसायटीच्या सभेच्या इतिवृत्तात विषय निघाला होता का? देखभालीच्या नोंदवहीत शेवटची सही केव्हाची? अपघातानंतरच्या शंभर फोटोंपेक्षा आधीच्या तारखेचा एक शिक्का भारी पडतो. पोच हरवली असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करून आवक नोंदवही मागता येते. आणि बचावाच्या बाजूने उभी राहिलीस तर हेच प्रश्न आपल्या पक्षकाराला पहिल्याच बैठकीत विचार. तो शिक्का समोरच्या वकिलाने उलटतपासणीत दाखवण्याआधी तुला माहीत असलेला बरा.

सुट्टीत घंटाघर आणि राजकोट ही दोन्ही निकालपत्रं शेजारी ठेवून वाच. राजकोटबद्दल माझं म्हणणं तुला चुकीचं वाटलं तर कारणं देऊन लिही.

तुझा,
मामा