गिधाडाची गोष्ट दुसरीच्या वर्गात : संकटग्रस्त प्राणी आणि सहवाचन



‘संकटग्रस्त प्राणी’ हा विषय पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवायचा म्हटलं की आपण काय करतो? वाघाचं चित्र रंगवायला देतो, खाली ‘वन्यप्राणी वाचवा’ असं लिहून घेतो आणि भिंतीवर लावतो. भिंत छान दिसते, पण सहा-सात वर्षांच्या मुलाला वाघ कुणापासून वाचवायचा, कसा वाचवायचा, यातलं काहीच कळलेलं नसतं. एक प्राणी निवडावा, त्याची एकच गोष्ट घ्यावी आणि ती आठवडाभर सगळ्यांनी मिळून वाचावी, असं मला वाटतं. मी त्यासाठी गिधाड निवडते. कारण सांगते.

आपण राहतो ते द्रोणागिरी. हनुमान द्रोणागिरी पर्वत घेऊन जाताना त्याचा एक तुकडा इथे पडला, ही कथा उरणच्या बाजूच्या घराघरात मुलांनी ऐकलेली असते. म्हणजे रामायण मुलांच्या ओळखीचं आहे. आणि रामायणात सीतेसाठी रावणाशी लढणारा जटायू कोण? गिधाड. मुलांना जटायू आवडतो, तो शूर असतो. पण गिधाड म्हटलं की “शी, घाण!” हे दोन्ही पक्षी एकच आहेत हे कळल्यावर वर्गात जी शांतता पसरते, तिथूनच धडा सुरू होतो.

दुसरं कारण रायगड जिल्ह्याचं. कोकणातल्या गिधाडांची उरलीसुरली घरटी जिथे राखली गेली, त्यात आपल्याच जिल्ह्यातलं म्हसळा तालुक्यातलं चिरगाव आहे. महाडच्या सिस्केप संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन तिथे बरीच वर्षं काम केलं आहे. ‘लांब कुठेतरी आफ्रिकेत’ असं म्हणायची वेळच येत नाही.

आता सहवाचनाबद्दल थोडं. न्यूझीलंडचे शिक्षक डॉन होल्डअवे यांनी 1970 च्या दशकात ही पद्धत मांडली. विचार साधा होता. मूल घरी आजीच्या मांडीवर बसून पुस्तकात बघत बघत गोष्ट ऐकतं, तसंच वर्गातल्या सगळ्या मुलांना एकदम करता आलं पाहिजे. त्यासाठी पुस्तकच एवढं मोठं हवं की शेवटच्या रांगेतल्या मुलालाही अक्षरं दिसतील. शिक्षिका पट्टी शब्दाखाली सरकवत वाचते, मुलं जमेल तिथे आवाज मिसळतात. निपुण भारतच्या प्रशिक्षणात हे आपण सगळ्यांनी ऐकलंय, त्यामुळे जास्त लांबण लावत नाही.

गिधाडावरचं मोठ्या आकाराचं मराठी पुस्तक मिळालं तर उत्तमच. नाही तर कार्डशीटचे आठ कागद घ्या आणि स्वतः बनवा. मी वापरते तो मजकूर इथे देते, हवा तसा बदलून घ्या.

‘उंच उंच झाड. झाडावर काटक्यांचं घरटं. घरट्यात एकच अंडं.’
‘अंडं फुटलं, पिल्लू आलं. पिल्लू म्हणालं, भूक लागली, भूक लागली!’
‘बाबा उडाले उंच उंच. खाली दिसलं गाव. खाली दिसलं शेत. खाली दिसलं मेलेलं जनावर.’
‘आली गिधाडं, खाऊन गेली. उरली फक्त हाडं. माळ झाला स्वच्छ.’
‘एक होता बैल. त्याचा पाय दुखत होता. डॉक्टरांनी औषध दिलं. बैल म्हातारा होता. बैल मेला.’
‘आली गिधाडं, खाऊन गेली. औषध गेलं पोटात. गिधाडं पडली आजारी.’
‘उंच उंच झाड. झाडावर काटक्यांचं घरटं. घरट्यात कुणीच नाही.’

आठवा कागद कोरा ठेवा. त्याचं काय करायचं ते पुढे सांगते.

पहिल्या दिवशी नुसती चित्रं. अक्षरांवर पट्टी ठेवायची नाही. घरट्याच्या चित्रावर थांबून विचारायचं, अंडी किती? मुलं कोंबडीच्या हिशोबाने दहा-बारा सांगतात. एकच, हे त्यांना पटत नाही. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, आई-बाबा दोघंही ते आळीपाळीने उबवतात. मुलांना हे आवडतं आणि पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली इथेच आहे. ज्याचं वर्षाला एकच पिल्लू, त्याची संख्या एकदा घटली की भरून यायला फार काळ लागतो. हे वाक्य मुलांना सांगू नका. शेवटच्या दिवशी त्यांच्यातलंच कुणीतरी ते आपल्या शब्दांत सांगतं.

मुलं घारीला गिधाड म्हणतात. आपल्याकडे मासळी बाजारावर घारी सतत घिरट्या घालतात, त्यामुळे ही गल्लत ठरलेलीच. घारीची शेपटी मागे दुभंगलेली असते आणि मान पिसांनी झाकलेली. गिधाडाच्या मानेवर पिसं जवळजवळ नसतात, कारण मेलेल्या जनावराच्या आत डोकं घालून खायचं तर पिसं माखतील. आकार समजण्यासाठी व्हरांड्यात खडूने दोन मीटरपेक्षा थोडी जास्त लांब रेघ ओढा. पांढऱ्या पाठीचं गिधाड पंख पसरतं तेव्हा साधारण एवढं असतं. दुसरीतली दोन मुलं हात पसरून शेजारी शेजारी उभी राहिली की रेघ जेमतेम भरते. त्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळा वर्ग गिधाड झालेला असतो, तयारी ठेवा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पट्टी लावून वाचन. ‘उंच उंच’, ‘आली गिधाडं, खाऊन गेली’ ही पुन्हा येणारी वाक्यं मुलं आधी पाठ म्हणतात, मग हळूहळू खरंच वाचायला लागतात. घरी हिंदी किंवा इतर भाषा बोलणारी बरीच मुलं आपल्या वर्गांत आहेत. त्यांना या पुनरावृत्तीचा फार उपयोग होतो. घरटं, काटक्या, माळ हे शब्द चित्राला बोट लावून पक्के होतात. जोडाक्षरं मुद्दाम कमी ठेवली आहेत. ‘स्वच्छ’ आणि ‘डॉक्टर’ अडतात, अडू द्या.

पाचव्या पानावर मात्र घाई करू नका. ते पान नीट वाचायचं तर शिक्षकाला स्वतःला खरी हकिगत माहीत हवी. 1990 च्या दशकात भारतातली गिधाडं झपाट्याने मरू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या 1992 ते 2007 या काळात 99.9 टक्क्यांनी घटली. रोग असावा, असं आधी वाटत होतं. पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांनी 2004 मध्ये कारण दाखवून दिलं. गुरांच्या दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या शरीरात उरतं, ते गिधाडाच्या पोटात गेलं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. एका जनावरावर कितीतरी गिधाडं जेवतात, म्हणून शंभरात एखादं जनावर असं असलं तरी नाश व्हायला पुरेसं होतं. भारताने 2006 मध्ये या औषधाच्या गुरांसाठीच्या वापरावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जात होत्या, म्हणून 2015 मध्ये इंजेक्शनची बाटली 3 मिलीपुरती मर्यादित केली. 2023 मध्ये अॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनवरही गुरांसाठी बंदी आली.

यात खलनायक कुणीच नाही, हे लक्षात घ्या. शिकारी नाही, बंदूक नाही. शेतकऱ्याने बैलावरच्या मायेपोटी औषध दिलं. एका मुलीने वर्गात विचारलं, “बैलाचं दुखत होतं तर औषध द्यायचंच नाही का?” या प्रश्नासाठी सगळा आठवडा खर्च केला तरी चालेल. उत्तर आपण लगेच देऊ नये. मुलं बोलतात. कुणी म्हणतं बैलाला पुरून टाकायचं, कुणी म्हणतं गिधाडांना दुसरं काहीतरी खायला द्यायचं. (हे खरंच करतात. औषध नसलेलं मेलेलं जनावर ठरलेल्या जागी ठेवतात, त्याला ‘गिधाडांचं उपाहारगृह’ म्हणतात. मुलांना हा शब्द भलताच आवडतो.) शेवटी एखादं मूल म्हणतंच, “दुसरं औषध द्यायचं.” मग सांगा की तसं औषध आहे. त्याचं नाव मेलोक्सिकॅम. बैलालाही चालतं, गिधाडालाही.

तिसरी-चौथीला शिकवत असाल तर 99.9 टक्के दाखवायला गणिताच्या पेटीतले काड्यांचे गठ्ठे काढा. शंभराचे दहा गठ्ठे टेबलावर मांडा. ‘ही हजार गिधाडं.’ मग एक काडी बाजूला ठेवून बाकी सगळं उचला. दुसरीसाठी हे जड होतं, तिथे रिकामं घरटं पुरतं.

पालकांकडून एक तक्रार येते आणि ती रास्त आहे. मुलांना मेलेली जनावरं, मेलेले पक्षी कशाला दाखवायचे? रात्री झोपताना मूल विचारत बसतं. माझं म्हणणं असं, की मृत्यू मुलांना नवीन नसतो. रस्त्यावर मेलेलं मांजर त्यांनी पाहिलेलं असतं, घरातले आजोबा गेलेले असतात. त्यांना भीती वाटते ती मोठ्यांनी विषय टाळल्याची. चित्रात रक्त दाखवू नका, पण ‘झोपी गेला’ असंही म्हणू नका, मेला म्हणा. आणि रिकाम्या घरट्याच्या पानावर तास संपवू नका. त्या पानानंतर किमान पंधरा मिनिटं हातात हवीत. शुक्रवारी तर ते पान काढूच नका, नाही तर मूल शनिवार-रविवार तो प्रश्न मनात घेऊन बसेल. दुसरं टोकही टाळा. ‘आता गिधाडांना वाचवणं तुमच्या हातात’ असलं ओझं सात वर्षांच्या खांद्यावर टाकू नये. औषध मोठ्यांनी दिलं, बंदी मोठ्यांनी घातली, पुढचंही मोठ्यांनीच निस्तरायचं आहे.

भाषेच्या तासासाठीही यात खूप आहे. ‘गिधाडासारखे तुटून पडले’ असं आपण वर्तमानपत्रात वाचतो, बोलतोही. गोष्ट वाचून झाल्यावर मोठ्या वर्गाला विचारा, ही उपमा बरोबर आहे का? जिवंताला हात न लावणारा, माळ साफ करणारा पक्षी आपण हावरटपणासाठी का वापरतो? तसंच दुर्मिळ, संकटग्रस्त आणि नामशेष या शब्दांतला फरक. आपण तिन्ही एकाच अर्थाने वापरतो. दुर्मिळ म्हणजे कमी दिसणारा, तो मुळातच कमी असू शकतो. संकटग्रस्त म्हणजे संपण्याचा धोका असलेला. नामशेष म्हणजे फक्त नाव उरलेला. आपली दोन्ही गिधाडं, पांढऱ्या पाठीचं आणि लांब चोचीचं, जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहेत, नामशेष नाहीत.

म्हणूनच आठवं पान कोरं. मुलांना सांगा, पुढे काय होतंय ते अजून कुणालाच माहीत नाही, तुम्ही लिहा. खरी माहिती थोडी पुरवा. हरियाणात पिंजोरला गिधाडांची पिल्लं जपून वाढवतात आणि तिथली काही गिधाडं 2024 मध्ये विदर्भात पेंचच्या जंगलात आणली गेली. मग प्रत्येकाला छोटा कागद द्या. बहुतेकजण घरट्यात अंडं काढतात. एकाने झाडाखाली औषधाची बाटली काढून तिच्यावर मोठी फुली मारली होती. एकाने घरटं रिकामंच ठेवलं आणि लिहिलं, ‘मी वाट बगतो.’ ‘बघतो’ असं दुरुस्त करायला हात शिवशिवतो, पण त्या दिवशी लाल पेन खाली ठेवा.

घरी पालकांना करायचं असेल तर मोठ्या पुस्तकाची गरज नाही. वहीचे आठ कागद शिवले तरी पुरे, फक्त वाचताना बोट शब्दाखाली असू द्या आणि गोष्ट निदान चार रात्री तीच वाचा. सप्टेंबरचा पहिला शनिवार हा आंतरराष्ट्रीय गिधाड जनजागृती दिन असतो. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पुस्तक बनवायला घेतलंत, तर त्या शनिवारपर्यंत मुलं ते स्वतः पहिलीच्या वर्गाला वाचून दाखवू शकतील.